खिडकीपाशी काढलेला फोटो

हे आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं. जर्मनीत गार्चिंगला पीएचडी करताना विद्यापीठाच्या फिल्म क्लबात एक जुना मूकपट पाहिला. नायिका कृष्णवर्णीय, तिच्या काळातली मोठी स्टार, पण नायक शेवटी लग्न करतो ते गोऱ्या मुलीशीच. नंतरच्या चर्चेत मी या रंगभेदाविरुद्ध तावातावाने बोलले. शेजारी बसलेल्या माझ्या घानाच्या मैत्रिणीला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईला स्थळांकडे पाठवायला माझा फोटो हवा होता. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि त्याच मैत्रिणीच्या हातात कॅमेरा देऊन म्हणाले, "भरपूर उजेड येऊ दे, मी गोरी दिसले पाहिजे."

तिने फोटो काढला, मला दाखवला आणि म्हणाली, "आता नायक तुझ्याशी नक्की लग्न करेल."

तो फोटो मी तरीही पाठवला.