उलटं करून बघणारा माणूस

लोकांच्या सोफ्यातून काय काय निघतं ते सांगितलं, तर तुम्ही परत कुणाकडे पाहुणे म्हणून बसणार नाही. नखं. चघळून चिकटवलेला च्युइंगगम. केसांचे गुंतवळ, अर्धी चोखलेली गोळी आणि तिच्यावर मेलेल्या मुंग्या. एकदा तर अख्खी कवळी निघाली. कवळी गेली तरी त्या घरात कुणाला पत्ता नव्हता, म्हणजे म्हातारबाबांना किती विचारत असतील बघा. मी शी शी करत चिमट्याने उचलते आणि दादा आपला शांतपणे म्हणतो, "टाक डब्यात, आणि सुई दे."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करायचं आमचं दुकान. सांगाडा, स्प्रिंगा आणि भरण तो बघतो, खोळी मी मशीनवर शिवते. कुठलीही वस्तू आली की दादा वरच्या कापडाकडे ढुंकूनही बघत नाही. आधी ती उलटी करतो, खालचं अस्तर ब्लेडने फाडतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. "वरून सगळेच गोरेगोमटे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आत दमट भुसा आणि खोक्याचा पुठ्ठा लागला, की त्याचं तोंड असं होतं जसं काही कुणी त्याच्या ताटात थुंकलं.

पण तोंडावर सांगायला त्याला जमत नाही, हीच तर गंमत. गिऱ्हाईक बिचारं आशेने बघत असतं. मग दादा किटली ठेवतो. एरवी आमच्या दुकानात चहा होत नाही, मी माझा थर्मास आणते आणि दादा तर चहाला शिवतही नाही. किटली फक्त अशा गिऱ्हाइकासाठी. फुलाफुलांच्या चांगल्या कपात चहा द्यायचा, त्याचा कप संपत आला की हळूच म्हणायचं, "हे परत घेऊन जा. याला हात लावण्यात अर्थ नाही." ज्याचा सोफा धड आहे त्याला आम्ही पाणीसुद्धा विचारत नाही. आता सगळ्या गल्लीला हे माहीत झालंय. एक बाई तर कप बघूनच ओरडल्या, "अहो, चहा नको, चहा नको, कसाही करा पण दुरुस्त करा!"

असा हा माणूस मागच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर राक्षस मारतो, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. कॉम्प्युटर घेतला होता बिलांसाठी. आणि त्या खेळाची तबकडी कुठून आली? सोफ्यातूनच. केस चिकटलेली, धुळीने माखलेली. मालक म्हणाला, ठेवा तुम्हालाच. मी म्हटलं, टाक ती घाण. दादाने ती शर्टाला पुसली आणि आत सारली.

खेळ असा की आपण एक माणूस निवडायचा, तलवारवाला नाहीतर जादूवाला, आणि त्याच्या जगात त्याचं आयुष्य काढायचं. चित्रं इतकी भिकार की माणसांची तोंडं उकडलेल्या बटाट्यासारखी. पण दादाने काय केलं? राक्षस राहिले बाजूला, गावातल्या पहिल्या घराचं दार उघडून आत गेला, आत एका म्हातारीचा स्टूल होता तो उचलून उलटा केला आणि खालून बघितला. सवय! मग गेला डोंगरापलीकडे, लढाया मारल्या, परत आला, तर स्टूल तसाच उलटा. आणि म्हातारी दारातच त्याच्यावर खेकसली, "माझा स्टूल कुणी रे उलटा केला?"

दादाने मला मशीनवरून हाक मारून बोलावलं. "बघ, तिच्या लक्षात आहे!" त्याचे डोळे चमकत होते. पुढे त्याने तिथल्या लोहाराची कोयती चोरली, तर लोहाराने त्याला काही विकणंच बंद केलं. दादाने आठवडाभर त्याच्या दारात कोळसा नेऊन टाकला, तेव्हा कुठे तो एक शब्द बोलला. दादा म्हणाला, "याला म्हणतात आत भरण आहे." तिथून जो नाद लागला तो लागलाच.

तेव्हा त्याच्या मांडीवर टाचणी बसलेली असायची. टाचणी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. काडीसारखी अंगकाठी, बोलणं टोचरं, म्हणून मीच हे नाव ठेवलं. वहिनी गेली तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती, त्यामुळे तिचं सगळं बालपण आमच्या दुकानात स्प्रिंगांच्या ढिगावर गेलं. त्या स्टुलापायी तिने एक दिवस असं भोकाड पसरलं, म्हणे आजीला बसायला जागा नाही, की दादाला सगळा डोंगर पुन्हा ओलांडून तो स्टूल सरळ करायला जावं लागलं. केला, तेव्हा कार्टी जेवली.

मोठी झाली, शिकली आणि दुसऱ्या शहरात खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागली. दादाची छाती फुगून सोफ्याएवढी झाली. एका मोठ्या खेळावर ती वर्षानुवर्षं काम करत होती. जादू, राक्षस, गावं, सगळं असलेला, पण त्यातलं नेमकं काय करते ते सांगायची बंदी. विचारलं की म्हणायची, "बाबा, खेळ आला की तुम्ही खेळा आणि मला खरं काय ते सांगा. बाकी कुणी काहीही म्हणू दे, मला तुमचं ऐकायचंय." त्यावर दादा चार दिवस हवेत. गिऱ्हाइकांना सांगत सुटायचा, "माझी मुलगी आतून भरलेला खेळ बनवतेय."

शेवटी तो खेळ आला. दादाने दुकान बंद ठेवलं, जे त्याने तापातसुद्धा कधी केलं नव्हतं. मी खुर्ची ओढून मागे बसले.

वरचं कापड काय वर्णावं! पाण्यात ढग दिसत होते, घोड्याच्या आयाळीतला केस न् केस हलत होता. मी तर आ वासून बघत राहिले. दादा थेट गावात शिरला, तसा पहिलाच माणूस म्हणाला, "हे महावीरा, तूच आमचा तारणहार!" अजून याने एक उंदीर मारला नव्हता. दुसरा भेटला, तोही महावीरा. तिसरी भाजी विकणारी बाई, तीही तेच. दादा म्हणाला, "मी कोण आहे हे यांना काय माहीत? मी चोर असेन." म्हणून त्याने तिच्यासमोर टोपली उचलली. बाई हसून म्हणाली, "हे महावीरा!" दादाने टोपली खाली टाकली, पाठ फिरवली, पुन्हा बघितलं, तर टोपली आपली जागेवर, जशीच्या तशी.

मग एक लांडगा मारला, तर त्याच्या पोटातून निघाली सोन्याची नाणी आणि एक चिलखत. "लांडग्याने हे गिळलं कधी?" दादाने मला विचारलं, जसा काही लांडगा माझ्या माहेरचा. आमच्या सोफ्यांतून निघतं त्याला निदान काही कारण असतं हो, कुणीतरी तिथे बसलेलं असतं! पुढे एका बापाने विचारलं, माझ्या मुलाला वाचवशील का? उत्तरं तीन. हो, नाही, विचार करतो. दादाने तिन्ही देऊन बघितली. तिन्हीला बाप म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू!" डोक्यावर सतत एक पिवळा बाण, इकडे चल, तिकडे चल, बैलाला वेसण घातल्यासारखा. दोन पावलं वाकडी टाकली की पडद्यावर ताकीद.

आणि दारं. ही दारं दादाच्या अगदी डोक्यात गेली. गावात घरंच घरं, एकेक दार कोरीव, कड्या पितळेच्या, उंबरे झिजलेले. उघडायला जावं तर काही नाही. दार नव्हतंच ते, भिंतीवर दाराचं चित्र. तो प्रत्येक घरापुढे उभा राहून बटण दाबत होता. टक. टक. एकही दार उघडलं नाही.

"शी!" दादा म्हणाला. आजवर शी शी करायचं काम माझं होतं. "हे बघ. आत पोकळ. नुसती हवा भरून वर मखमल चढवलीय. ज्याने ही दारं केली ना, त्याला लाज नाही. लढाया बिघडतात, समजू शकतो. पण एवढी कड्यांची नक्षी काढायची आणि आत काही नाही? हा हलकट माणूस आहे."

"हळू बोल, तुझ्या लेकीची कंपनी आहे," मी म्हटलं.

"तिचं यात काही नसणार. ती असली घाण करेल का? आपल्या दुकानात वाढलीय ती." तरी त्याने आठवडाभर तो खेळ शेवटापर्यंत खेळला. लेकीचं काम कुठेतरी सापडेल म्हणून शोधत होता, दुसरं काय. रोज तोंड आंबट करून उठायचा. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "नाही सापडलं."

रविवारी टाचणी येणार होती. मी आदल्या दिवशीच दादाला बजावलं, "पोरीने वर्षं घातलीत त्यात. तुझं ते ब्लेड बाहेर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. तोंडातून वाईट शब्द नको." दादाने कान धरले. "एक शब्द बोलणार नाही."

ती आली. डोळ्यांखाली काळं, मनगटाला पट्टा. पिशवी कोपऱ्यात टाकली आणि लहानपणच्या जागी, म्हणजे उलट्या सोफ्याच्या कडेवर बसली. दादाने प्रवास विचारला, जेवण विचारलं, मनगट विचारलं. खेळाचं नाव काढीना. तीही काढीना. मी मशीनवर बसून उगाच एक खोळ शिवत होते. मग दादा उठला. हातांना काहीतरी हवं होतं त्याच्या. पोर थकलीय, तिला काहीतरी द्यावं, एवढंच त्याच्या मनात असणार, देवाशप्पथ एवढंच. काय करतोय ते माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

त्याने किटली ठेवली. फुलाफुलांचा कप काढला. चहा ओतला आणि तो तिच्या हातात दिला.

टाचणीने कप बघितला. मग बापाकडे बघितलं. सगळं बालपण तिने हा कप गिऱ्हाइकांच्या हातात बघितला होता.

"एवढं वाईट?" ती म्हणाली.

तेव्हा दादाला कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं नाही, मी सहज..." तो म्हणाला. "तुझं काम चांगलंच असणार. बाकीच्यांनी घाण केली. तुझं कुठलं ते मला सापडलं नाही इतकंच. ती दारं ज्या कुणी केली..."

"दारं माझी आहेत, बाबा."

मशीनचं चाक माझ्या हाताखाली थांबलं.

"सगळी दारं मी केली," ती म्हणाली. "आधी मी घरंही केली होती, आतून. मग वरून आलं, आत कोण जातंय, वेळ नाही, बंद करून टाका. मी भांडले. शेवटी मीच एकेक करून बंद केली. घरं पुसली आणि दारं ठेवली." तिने कप दोन्ही हातांत धरला होता. "चहा दिला की तुम्ही म्हणता, परत घेऊन जा. मलाही परत पाठवताय का?"

एखाद्या बापाने मिठी मारली असती. आमच्या दादाला असलं काही येत नाही. त्याने तिच्या हातातून कप काढून घेतला आणि उभ्याउभ्या तो चहा स्वतः प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. जीभ भाजली असणार. तोंड वाकडं केलं, कप पालथा ठेवला आणि म्हणाला, "चल मागे. तुझं पहिलं दार कुठलं ते दाखव."

दोघं मागच्या खोलीत गेले, मीही गेले. त्याने तो खेळ सुरू केला, महावीरा-महावीरा करणाऱ्या मूर्खांमधून वाट काढली आणि ती सांगेल तसा गावाच्या टोकाला जाऊन एका ठेंगण्या दारापुढे उभा राहिला. निळं दार. कडी अर्धी झिजलेली.

"आत काय होतं?" दादाने विचारलं.

"एका म्हातारीचं घर," टाचणी म्हणाली. "चूल, खाट, आणि उलटा पडलेला एक स्टूल. म्हटलं, तुम्ही याल आणि सरळ कराल."

दादाने दार उघडायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. टाचणी म्हणाली, "बाबा, नाही उघडणार ते. आत काहीच नाहीये आता."

"माहीत आहे," दादा म्हणाला, आणि बटण दाबत राहिला.