निम्मी कापलेली चिंच

इंदापुरात स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर माझ्या बाजूचा एक माणूस एका जागी थांबतच नव्हता. झाडं कापायच्या मशीनचा जळालेला पिस्टन हातात, आणि नजर बाहेरच्या वाऱ्यावर.

"तात्या, डुप्लिकेट सीझनभर टिकायचा न्हाय. ओरिजिनल उद्या येतोय," दुकानदार म्हणाला.

"सीझन कुणाला पायजे? डाळज गावात चिंच निम्मी कापली आन् मशीन जाम झाली. खाली शेजाऱ्याचं घर हाय."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी बोलतो. "आज डुप्लिकेट लावा, ओरिजिनल मागवून ठेवा."

"व्हय, मागवा!" म्हणत, डुप्लिकेट घेऊन तो पळालाच.

ओरिजिनलचं खोकं दुसऱ्या दिवशी आलं. जाता-येता मी बघतो, ते अजून दुकानाच्या फळीवरच आहे; तात्या न्यायला आलेलाच नाही. वारं सुटलं की मला एका जागी बसवत नाही.