तोरणमाळच्या तीन पायऱ्या

मला चौघांनी उचललं. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी गुडघ्याखाली. मी तोंड उघडायच्या आत माझ्या तीनचाकीवरून हवेत होते.

पाऊस असा होता की समोरचा तलाव दिसत नव्हता. साडी गुडघ्यावर सरकली. माझे वाळल्या फांदीसारखे पाय सगळ्यांनी पाहिले. पडवीत चहा पीत बसलेली शहरातली माणसं वळून बघायला लागली. एकानं मोबाईल वर धरला. एक बाई म्हणाली, "जपून रे, पडेल बिचारी."

हॉटेलचा मॅनेजर पायऱ्यांवर उभा होता. मला त्यानं काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. जे सांगायचं ते त्या चौघांना, त्याच्या मजुरांना.

"गाडी भाईर ऱ्हाऊ द्या. फरशी नवी शे. बाईले उचली ल्या."

चौघांनी मला आत नेलं आणि हात धुवायच्या बेसिनजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं. बसवलं नाही. ठेवलं. एक जण धापा टाकत म्हणाला, "वजन शे बरं!" दोन-तीन टेबलांवर लोक हसले.

मी साडी खाली ओढली. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. त्या वेळी मी तेवढंच केलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मी कोण ते सांगते. धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यावर माझा जन्म. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि पोलिओनं दोन्ही पाय नेले. नऊ वर्षांची होईपर्यंत आईनं मला पाठीवर बांधून वागवलं. पुढं आई रोजगाराला गुजरातेत जायला लागली, तेव्हा मी हातांवर सरपटायला शिकले. तशीच शाळा शिकले. तशीच डीएड झाले. आज शहादा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी शिकवते. पावरी ही माझी घरची बोली. मराठी शाळेत शिकले, आता तीच शिकवते. अहिराणी बाजारात कानावर पडून आली.

पाय नसलेल्या माणसाला लोक उचलतात. मतदानाला उचलतात. लग्नात उचलतात, बसमध्ये उचलतात. तहसील कचेरीत दाखला काढायला गेले तेव्हा एका शिपायानं मला वर नेऊन साहेबाच्या टेबलासमोर आणलं आणि साहेब बाहेर जेवायला गेला म्हणून तसंच परत खाली आणलं. कुणी विचारत नाही. उचलून झालं की म्हणतात, पुण्य लागलं. पुण्य त्यांना. माझ्या काखेत त्यांच्या बोटांचे वळ.

दोन वर्षांपूर्वी मी बॅटरीवर चालणारी तीनचाकी घेतली. माझ्या पगाराची. नंदुरबारहून रेल्वेनं सुरतेला जाऊन आणली. दुकानदार तिला मोबिलिटी स्कूटर म्हणत होता, आम्ही नुसतं गाडी म्हणतो. लाल रंग, पुढं टोपली, हँडलवरच सगळं. खुर्चीवरून हातांच्या जोरावर मी तिच्यावर सरकते. तिचा वेग चालणाऱ्या माणसाएवढाच. पण मी एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा भाजीबाजारात एकटी गेले आणि वांगी स्वतः हातात घेऊन, दाबून, निवडून घेतली. ते सुख ज्याला पाय आहेत त्याला कळायचं नाही.

तोरणमाळ माझ्या पाड्यापासून फार लांब नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेला आमच्याकडची माणसं डोंगर तुडवत तिथं जायची. घरी कोंबड्या-बकऱ्या राखायला कुणीतरी एक लागायचं. ती एक नेहमी मी. म्हणून या वर्षी गणपतीच्या सुट्टीत सुमन म्हणाली, चल तोरणमाळला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सुमन आमच्याच शाळेत शिक्षिका. तिच्या नवऱ्याची पिकअप आहे. त्यांना मी भाऊ म्हणते. भाऊंनी गाडी मागं चढवली, दोरीनं बांधली, वर ताडपत्री टाकली. पायथ्याचं राणीपूर सोडलं आणि घाटात ढग खाली आले. वळणावळणावर पाणी कोसळत होतं. मी खिडकीची काच खाली करून भिजत बसले. एवढी खूश मी कधी नव्हते.

खालची खोली हवी, असं सुमननं फोनवर दोनदा सांगून ठेवलं होतं. गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "खालनी खोली साहेबसले दिधी. वरनी शे." साहेब म्हणजे ती चहा पिणारी शहरातली मंडळी.

सुमन म्हणाली, "आहो, इले पायऱ्या चढता येत नहीत."

"मंग आम्हना पोरे शेतस ना. सकाय एक डाव उतारतीन, संध्याकाय एक डाव चढाडतीन. दिनभर उचलत बसाले कोनले टाइम शे?"

हे तो सुमनशी बोलत होता. मी दोघांच्या मधे बसले होते, बेसिनजवळ.

मी म्हटलं, "माझ्याशी बोला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा सुमनला विचारलं, "तिले जेवाले काय लागंस?"

सुमननं माझा खांदा दाबला. "जाऊ दे ना माय. दोन रोजनी बात शे. कसाले डोकं तापाडस?"

मी जाऊ दिलं. पुन्हा त्या चौघांनी उचललं. जिन्याच्या वळणावर माझं डोकं भिंतीला लागलं. वर खोलीत सुमननं मला चहा दिला, मी घेतला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. वरच्या खोलीचा संडास दोन पायऱ्या उंच, दार एवढं अरुंद की सुमनला मला आत नेता येईना. सकाळी एकदाच खाली नेणार म्हटल्यावर मी हिशोब केला आणि तहान मारली. हा हिशोब मला लहानपणापासून येतो. अपंग बाईला विचारा, प्रवासाला निघताना ती आदल्या दिवसापासून पाणी का सोडते.

सकाळी मी खिडकीतून खाली पाहिलं. पायऱ्यांजवळ पडवीच्या कडेला लावलेली माझी गाडी तिथं नव्हती. ती मागं, जनरेटरच्या खोलीपलीकडं, उकिरड्याजवळ उभी होती. उघडी. भाऊंनी रात्री वर घातलेली ताडपत्री कुणीतरी काढली होती आणि शहरवाल्यांच्या दोन मोटारसायकलींवर घातली होती. माझ्या गाडीच्या सीटवर पाणी साचलं होतं. टोपलीत बिस्किटांचे रिकामे पुडे.

मी खिडकीतूनच ओरडले. मॅनेजर खाली अंगणात होता. त्यानं मान वर केली.

"भिजनी ते काय व्हयनं? तुम्हले पानीनी सवय शे ना. डोंगरना मानसे तुम्ही."

डोंगरची माणसं. म्हणजे भिजायला जन्मलेली. आमचं घर भिजलं काय, माणूस भिजलं काय, यंत्र भिजलं काय. मोटारसायकल शहरातली, तिला ताडपत्री. मला एकदम स्वच्छ कळलं. काल मला उचललं ते दयेनं नाही. फरशी वाचवायला. त्या फरशीची किंमत माझ्यापेक्षा जास्त होती आणि मी साडी धरून गप्प बसले होते.

चौघं जण मला उतरवायला आले. मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

"बाई, मंग कशा उतरश्यात?"

"मी बघते."

मी जमिनीवर उतरले. बुडावर बसून, हातांवर जोर देत, एकेक पायरी खाली आले. पायऱ्या ओल्या होत्या. साडी मागून पूर्ण भिजली. खालच्या हॉलमध्ये नाश्ता चालला होता. त्या नव्या फरशीवरून, टेबलांच्या मधून, मी सरपटत गेले. लोकांनी पाय आखडून घेतले. कालचा मोबाईलवाला पुन्हा मोबाईल काढायला लागला. मी त्याच्या टेबलाशी थांबले.

"कालचा दाखवा."

"काय?"

"माझा काढलेला व्हिडिओ. दाखवा आणि माझ्यासमोर पुसा."

"अहो मॅडम, मी काही वाईट हेतूनं—"

"पुसा."

त्यानं पुसला. त्याच्या बायकोनं माझ्याकडं अशा रागानं पाहिलं, जसं काही मीच त्यांचं चोरून पाहत होते.

भाऊंनी गाडी पायऱ्यांपाशी ढकलत आणली होती. पिकअपमधल्या कोरड्या कापडानं ते स्विच पुसत होते. "ताई, थांबा, जरा सुकू द्या." आम्ही बराच वेळ थांबलो. मग मी सीटवर सरकले. पहिल्यांदा किल्ली फिरवली, काहीच नाही. भाऊंनी पुन्हा स्विच पुसला. तिसऱ्या वेळी दिवा लागला. गाडी एक हिसका देऊन पुढं सरकली. भाऊ हसले. मी रडले, हे लपवत नाही.

मी एकटी तलावाकडं गेले. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हँडल एका हातात, दुसऱ्या हातात कागदाचं टोक. पाऊस तिरपा येत होता. तलावावर ढग उतरले होते, वाऱ्याबरोबर बाजूला व्हायचे, पाणी दिसायचं, पुन्हा झाकायचं. मी हवं तिथं थांबले. हवं तेवढा वेळ थांबले. मागून एका मोटारीनं हॉर्न दिला. मी रस्त्याच्या कडेलाच होते, अजून बाजूला झाले नाही. ती वळसा घेऊन गेली.

परत आले तेव्हा मॅनेजर पायऱ्यांवर वाटच बघत होता.

"चाकसले चिखल शे. गाडी मझार नही येवाव."

त्या पडवीला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा आणि मधे तीनच पायऱ्या. आत-बाहेर करायला दुसरी वाट नाही. मी गाडी वळवली, शेवटच्या पायरीला टेकवून आडवी लावली. किल्ली काढली आणि मुठीत घेतली.

"मी आत येणार. गाडीवर बसून. तोपर्यंत ही इथंच."

शहरवाल्यांना फिरायला निघायचं होतं. छत्र्या उघडून ते पायऱ्यांवर खोळंबले. कुणी म्हणालं, "काय तमाशा आहे." कुणी म्हणालं, "अहो उचला ना तिला, बाजूला ठेवा."

मी त्या चौघांकडं पाहिलं. चौघंही आमच्याच डोंगरातले, मजुरीला आलेले. मी पावरीत त्यांना विचारलं, तुमच्या आईला असं उचलू द्याल का? पहिल्यांदाच मी आमच्या बोलीत बोलले होते. एकानं मान खाली घातली. कुणी पुढं आलं नाही.

सुमन आतून म्हणाली, "माय, सोड ना. लोके पाही ऱ्हायनात."

"पाहू दे. काल पाहत होते तेव्हा मी हवेत होते. आज बसलेली आहे."

सुमन बाहेर आली नाही.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग स्वयंपाकघराच्या बाजूनं तिथली स्वयंपाकीण आली. पन्नाशीची, आमच्यातलीच. डोक्यावर सेंट्रिंगच्या दोन लांब फळ्या. मागं नवीन खोल्यांचं बांधकाम चाललं होतं, तिथून आणलेल्या. तिनं त्या पायऱ्यांवर टाकल्या, पायानं दाबून पाहिल्या आणि अंतर चाकांएवढं केलं. मधल्या चाकासाठी तिसरी फळी कमी पडली, तर परत गेली आणि तीही घेऊन आली.

मॅनेजर तिच्यावर खेकसला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, मागून जरा धरता का?" त्यांनी धरलं. मी किल्ली लावली. गाडी चढली. चिखलाच्या तीन रेघा काढत मी त्या पांढऱ्या फरशीवरून आत गेले आणि हॉलच्या मधल्या टेबलाला गाडी लावली. चहा मागवला. दोन कप प्यायले. वर तांब्याभर पाणी प्यायले. मग खालचा संडास कुठं आहे ते विचारलं आणि माझी मी गेले.

मॅनेजरनं माफी मागितली नाही. "खोली खाली करा," एवढंच म्हणाला. आम्ही केली. निघताना मी स्वयंपाकिणीला विचारलं, तुला आता त्रास देईल का? ती पावरीत म्हणाली, बोलेल तर बोलू दे, एवढ्या पावसात वर येऊन त्याला भाकरी थापून देणारं दुसरं कोण आहे.

घाट उतरताना सुमन फक्त भाऊंशीच बोलत होती. अजूनही आमच्यात आधीसारखं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पण मी चुकले असं वाटत नाही.

सुट्टी संपल्यावर शाळेत कार्यक्रम होता. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, दोघं जण तुम्हाला स्टेजवर उचलून घेतील, दरवर्षीसारखं." मी नाही म्हटलं. उतार बांधा म्हटलं. ते हसले, निधी नाही म्हणाले. मी लेखी अर्ज दिला, उत्तर नाही. दुसरा अर्ज आश्रमशाळांचा कारभार बघणाऱ्या प्रकल्प कार्यालयात दिला, पोच घेतली. तिसरा लिहून तयार आहे, तो घेऊन त्याच कार्यालयात मी स्वतः जाणार आहे. त्या कचेरीलाही पायऱ्याच आहेत, मला ठाऊक आहे. मी खाली दारात थांबेन. अर्ज घ्यायला साहेबानं पायऱ्या उतरून यायचं.