बाईंची काळी रेघ

चित्रकलेच्या बाईंना एका जागी बसलेलं शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खोलीत एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि धुतलेल्या ब्रशांचे डबे. तास सुरू झाला की बाई बाकांमधून फिरायला लागत, त्या घंटा होईपर्यंत. "यांच्या पायाला भिंगरी आहे," असं मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणत. त्यात निम्मं कौतुक असे आणि निम्मा वैताग. पहिली ते चौथीचे सगळे वर्ग या एकट्या बाईंकडे, आणि तेही सव्वीस वर्षं. शाळेचं वार्षिक प्रदर्शन असलं की पालक विज्ञानाच्या टेबलांवरून नुसती नजर फिरवत आणि बाईंच्या भिंतीपुढे थबकत.

त्या वर्षी मात्र बाई फिरत होत्या त्या हात लपवायला.

उजवा हात. सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात मस्टरवर सही करताना तो पहिल्यांदा थरथरला. झोप नीट झाली नसेल, म्हणून बाईंनी ते सोडून दिलं. मग एकदा फळ्यावर मांजर काढताना मांजराची पाठ करवतीसारखी झाली. मुलं खूश झाली, त्यांना वाटलं बाई गंमत करताहेत. बाईंनी घाईने मांजर पुसलं आणि "आज तुमच्या मनातलं काढा" म्हणून सांगितलं. त्यानंतर दर आठवड्याला मुलांना मनातलंच काढावं लागलं.

त्या उजव्या मुठीत कायम डस्टर किंवा फडकं धरून ठेवू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की "आत्ता नको, तासाला उशीर होतोय" म्हणून बाहेर पडत. घरी कपाटं आवरायला काढत, निम्मी आवरून दुसरंच काहीतरी हाती घेत. त्यांच्या मनात एका मोठ्या आजाराचं नाव होतं. ते त्या स्वतःशीसुद्धा पूर्ण उच्चारत नसत.

त्यांचा नवरा तीस वर्षं औषधांच्या दुकानात होता. गिऱ्हाइकाने चिठ्ठी पुढे केली की चिठ्ठीआधी तो हात बघायचा. बायकोचा हात त्याला दिसला नसेल, हे बाईंनाच कसं खरं वाटलं कोण जाणे.

"कप अर्धाच का भरतेस हल्ली?" त्याने एका सकाळी विचारलं.

"चहा कमी करायचाय."

"माझाही?"

त्याने पेपराची घडी केली. "पुढच्या शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे मी."

"अहो, त्या आठवड्यात प्रदर्शन आहे."

"प्रदर्शन गुरुवारी. शनिवारी काय अडचण आहे?"

"बघू."

"बघायचं डॉक्टरांनी. आपण फक्त जायचं," तो म्हणाला आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघून गेला.

प्रदर्शनासाठी तिसरीचे मुखवटे ठरले होते. काम दोन आठवड्यांचं. फुगा फुगवायचा, त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून एकावर एक चिकटवायच्या, असे चार थर. मग ते खिडकीपाशी दोरीवर वाळत टांगायचे. खडखडीत वाळलं की आतला फुगा फोडायचा, वरचं कवच मधून कापायचं. एका फुग्यात दोन मुखवटे. मग नाक, कान चिकटवायचे आणि रंग. अडतीस मुलं, एकोणीस फुगे, आणि दोघांत एक फुगा म्हणजे भांडणं ठरलेलीच.

"बाई, याने आमचा फुगा जास्त फुगवला. माझा राक्षस होणार, मला ससा हवाय."

"बाई, आमचा फुगा रात्रीत आजारी पडला, बघा कसा सुरकुतलाय."

"बाई, खळ खाल्ली तर चालते का? याने खाल्लीय, म्हणून विचारतोय."

बाई या बाकावरून त्या बाकावर जात, डाव्या हाताने दाखवत, उजवा पाठीमागे. एरवी हे काम त्यांचं सगळ्यात आवडतं. त्या वर्षी मात्र प्रत्येक फुगा दोरीवर चढला की त्या प्रदर्शनाला उरलेले दिवस मोजत.

कारण बाईंचं एक गुपित होतं. सव्वीस वर्षांत त्या भिंतीवर जे जे लागलं, त्यातलं एकही काम पूर्णपणे मुलांचं नव्हतं. प्रदर्शनाच्या आधी दोन-चार दिवस बाई शाळा सुटल्यावर मागे थांबत, खोलीला आतून कडी लावत आणि "हात फिरवत". हा त्यांचा शब्द. वाकडा डोळा सरळ करायचा, रंग बाहेर गेला असेल तिथे आत घ्यायचा, आणि शेवटी बारीक ब्रशने सगळ्याला एक काळी रेघ. त्या रेघेने काम कसं उठून दिसायचं. पालकांना अभिमान वाटायचा, मोठ्या बाईंना पाहुण्यांपुढे मिरवता यायचं, मुलांना तर आपलं चित्र किती छान झालं असंच वाटत असणार. कुणाचं काय नुकसान, असं बाईंनी स्वतःला फार पूर्वी विचारलं होतं, आणि उत्तराची वाट पाहिली नव्हती.

शुक्रवारी दुपारी चारला शाळा सुटली. बाईंनी कडी लावली. पहिला मुखवटा हाती आला तो मुंगीचा. मुंगी हे वर्गाने ठेवलेलं नाव. ती मुलगी एवढीशी, चष्मा लावणारी, आणि सगळे उठून खेळायला गेले तरी एकटी काम करत बसणारी. तिने घुबड केलं होतं. कागदाची बारीक बारीक पिसं कापून एकेक चिकटवली होती, दीडेकशे तरी असतील. एक डोळा मात्र दुसऱ्यापेक्षा बराच मोठा झाला होता आणि थोडा खाली घसरला होता.

बाईंनी श्वास रोखला, उजवं मनगट डाव्या हाताने धरलं आणि ब्रश टेकवला. ब्रश डोळ्याच्या कडेवरून सुटला आणि चोचीवरून गालापर्यंत एक जाड काळा ओरखडा ओढून थांबला. बाईंनी ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, तर खालचा रंग विरघळला आणि पिसंच निघून फडक्याला चिकटून आली. पुसावं तितकं पसरत गेलं. दहा मिनिटांत घुबडाची रया गेली. बाईंनी ते इतरांच्या मागे ठेवलं, ब्रश न धुताच तसाच डब्यात टाकला आणि त्या घरी निघाल्या. रस्त्याने इतक्या भरभर चालल्या, की त्यांचं वळण मागे राहिलं आणि परत यावं लागलं.

शनिवारी सकाळची शाळा. मुंगीला तिचं घुबड सापडायला वेळ लागला नाही. ती रडली नाही. दोन्ही हातांत धरून बाईंपुढे आली.

"बाई, हे कुणी केलं?"

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई तयारी किती झाली ते पाहायला दारात आल्या होत्या. सगळा वर्ग बघत होता. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "झाडताना लागलं असेल गं काहीतरी."

झाडायला रोज मावशी येत. शाळेत पंधरा वर्षं कामाला होत्या. बाईंच्या खोलीतले रंगाचे डाग जमिनीवरून खरवडून काढताना त्यांची पाठ धरायची, पण तोंडातून तक्रार नाही. बाईंना पाण्याच्या बादल्या भरून देणाऱ्या, फुगे वाळत टांगायला स्टुलावर चढणाऱ्या त्याच. मोठ्या बाईंनी त्यांना तिथेच बोलावलं.

"मावशी, लेकरांची मेहनत असते. जरा बघून झाडत जा. पाहुणे काय म्हणतील?"

मावशींनी घुबडाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"मी काल या खोलीत आलेच नाही," मावशी म्हणाल्या. "कडी आतून होती."

"मग परवा लागलं असेल. पुढे काळजी घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या. मावशींनी झाडू उचलला आणि त्याही गेल्या.

तो रविवार बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. सकाळी भाजी आणायला गेल्या आणि पिशवी दुकानातच विसरल्या. दुपारी पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढल्या, तशाच उतरल्या. नवरा म्हणाला, "हाताचं एवढं मनावर घेऊ नकोस." तेव्हा त्या म्हणाल्या, "हाताचं नाही हो ते." मग त्यांनी सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि एवढंच म्हणाला, "उद्या किती वाजता जाणार?"

"रोजच्या वेळेला."

"अर्धा तास आधी जा. मुलं यायच्या आत मोठ्या बाईंना गाठ. नंतर तुझं धाडस होणार नाही, तुला मी ओळखतो."

बाई अर्धा तास आधी गेल्या. मोठ्या बाईंच्या टेबलापुढे उभं राहूनच बोलल्या. हात दाखवला. घुबड कुणी बिघडवलं ते सांगितलं, आणि कडी लावून आजवर काय करत आल्या तेही सांगून टाकलं. मोठ्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सव्वीस वर्षं?"

"हो."

"आणि मी दरवर्षी भाषणात सांगते, ही सगळी मुलांची स्वतःची कला."

"हो."

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. "आता गुरुवारी भिंतीवर काय लावायचं?"

"आहे तसं."

"तसं म्हणजे कसं दिसेल ते मी पाहिलंय. बरं, आधी मावशींना बोलवा."

मावशी आल्या. बाईंनी त्यांच्यापुढे सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्या बाईंनी माफी मागितली, बाईंनीही मागितली. मावशींनी पदराला हात पुसले.

"पंधरा वर्षं तुमच्या बादल्या भरल्या मी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एकदा बघून खोटं बोलला असतात तरी चाललं असतं. तुम्ही बघितलंसुद्धा नाही." आणि पदर खोचत म्हणाल्या, "मी आता काही दिवस तुमच्याशी बोलणार नाही. मग बघेन."

वर्गात सांगणं त्यामानाने सोपं जाईल असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी घुबड टेबलावर ठेवलं. "हे मावशींनी नाही, मी बिघडवलं. माझा हात थरथरतो. आणि मी खोटं बोलले."

मग मुंगी म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"झाडूला काळा रंग कुठून येणार? आणि काळी रेघ तुमचीच असते."

मागच्या बाकावरून एकाने री ओढली. "माझ्या ताईच्या वेळीपण होती. तिच्या माशाला तुम्ही दात काढले होते. तिने नव्हते काढले."

"माझ्या घराला खिडकी आली होती गेल्या वर्षी," आणखी एक जण म्हणाला. "आईने फ्रेम केलीय. मी तिला सांगितलं, खिडकी बाईंची आहे, बाकी घर माझं."

मग जो तो सांगू लागला. कुणाच्या झाडाला फळं आली होती, कुणाच्या आजोबांना मान आली होती. रागाने नाही, आपापसात हिशेब जुळवावा तसं. बाई उभ्या होत्या तिथेच राहिल्या. आपल्याला कुणी पाहू नये म्हणून त्या कडी लावत होत्या, आणि इथे दर वर्गाला, दर वर्षी, सगळं ठाऊक होतं. मुलांनी ते मोठ्यांच्या अनेक चमत्कारिक सवयींपैकी एक म्हणून सोडून दिलं होतं.

"मुंगे, तुझं घुबड मी कसं भरून देऊ?" बाईंनी शेवटी विचारलं.

"तुम्ही नका करू," मुंगी घाईने म्हणाली. "फुगा उरलाय का एक?"

गुरुवारी भिंतीवर सदतीस मुखवटे लागले, आणि अडतिसावा शेवटच्या क्षणी. तो अजून ओला होता. नवं घुबड पहिल्यापेक्षा साधं, पिसं जेमतेम तीस-चाळीस, आणि एका पाहुण्यांच्या पांढऱ्या बाहीला त्याचा तपकिरी रंग लागला. सशाचे कान एक इकडे, एक तिकडे. राक्षसाचं नाक सकाळीच गळून पडलं होतं, ते चिकटपट्टीने लावलं होतं. पालक आले आणि नेहमीसारखे थबकले, पण चेहरे वेगळे. "यंदा घाई झाली वाटतं," एक वडील म्हणाले. एका आईने मोठ्या बाईंना बाजूला घेऊन विचारलं की बाईंची तब्येत बरी नाही का. मोठ्या बाईंनी भाषणात कलेचं वाक्य गाळलं. बाई घामाघूम होऊन भिंतीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारत होत्या. प्रत्येक मुखवट्यात त्यांना एक डोळा सरळ करावासा वाटत होता, आणि प्रत्येक मुखवट्याखाली त्याचा मालक आपल्या माणसांना ओढून आणून सांगत होता, की कान कसा पडला आणि कसा चिकटवला.

शनिवारी डॉक्टरांनी बाईंना गोल काढायला लावले, पेला उचलायला लावला, वडिलांबद्दल विचारलं. वडिलांचा हात म्हातारपणी हलायचा, हे बाईंना तेव्हा आठवलं. त्या मनातल्या मोठ्या आजाराचं नाव डॉक्टरांनीच घेतलं आणि म्हणाले, तो हा नव्हे. हा कंप आनुवंशिक. गोळीने निम्मा कमी होईल, निम्मा राहील. बाहेर आल्यावर नवऱ्याने हुश्श केलं. बाईंना मात्र लगेच तसं वाटेना. इतके महिने उराशी धरलेली भीती अशी एका वाक्यात कशी खाली ठेवायची, ते त्यांना जमत नव्हतं. त्या बसस्टॉपवर उभ्या राहिल्या नाहीत, तिथल्या तिथे चालत राहिल्या.

मोठ्या बाईंनी पुढच्या वर्षी प्रदर्शनाची दर्शनी भिंत विज्ञानाला दिली. बाईंची भिंत जिन्याखाली गेली. त्याचं त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. निवृत्तीपर्यंत आणखी तीन वर्षं त्या शिकवत राहिल्या. फळ्यावर काढणं त्यांनी सोडलं. वर्गात कुणाचं काम हातात घेतलंच तर आधी "बघू का?" असं विचारत. बोटं शिवशिवायची. एखादा हत्ती सोंडेशिवाय राहतोय असं दिसलं की त्या खोलीबाहेर जाऊन एक फेरी मारून येत.

आणि मावशी. त्या सोमवारनंतर बरोबर अकरा दिवस त्यांनी बाईंशी शब्द काढला नाही. बादल्या भरून दाराशी ठेवत आणि जात. बाई रोज सकाळी मावशी पायऱ्यांवर भेटतील अशा बेताने येत आणि काही न बोलता मागे मागे चालत. बाराव्या दिवशी मावशी मोरीपाशी उभ्या होत्या, हातात तारेचा आकडा घेऊन.

"खळ मोरीत ओतू नका म्हणून किती वर्षं सांगतेय," त्या म्हणाल्या. "दगड झालाय आत. या, धरा हे."

बाईंनी बाह्या वर केल्या आणि आकड्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं.