लोहाच्या गोळ्या आणि शालनची डबी

"सहा? परत बघ," डॉक्टर म्हणाले. मी शालनच्या दुसऱ्या बोटाला सुई टोचली. परत सहाच.

साठ सालानंतरची गोष्ट. मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होतो. शालन रहिमतपूरकडची, पाचवा महिना लागलेला. नवरा मिलिटरीत, म्हणून सासू तिला घेऊन यायची. अशा बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या वर हवं. साध्या लोहाच्या गोळ्यांनी तिला उलट्या व्हायच्या. म्हणून डॉक्टरांनी महिनाभर नव्या गोळ्या दिल्या होत्या. लोह चढवलेलं यीस्ट. यीस्ट म्हणजे ज्यानं पाव फुगतो ते. ते लोह घातलेल्या पाण्यात वाढवतात आणि सुकवून गोळ्या पाडतात. पोटाला सोसतात, असं कंपनीचा एजंट सांगून गेला होता. गोळ्या सुरू करताना सहा होतं, महिन्यानंतरही सहाच.

पहिला संशय त्याच्यावर. "यात लोह आहे की नुसता पावाचा चुरा?" डॉक्टरांनी विचारलं.

मी एक गोळी जाळली. राखेवर ॲसिड घातलं, फेरोसायनाइडचा थेंब सोडला. लोह असलं की निळं होतं. दौतीतल्या शाईसारखं गडद निळं झालं.

म्हणजे गोळी खरी. उरली शालन.

"आवं डाक्तर," सासू म्हणाली, "गोळीला दारूच्या भट्टीवानी वास येतोय. ही कशाला खाती? गोठ्यात टाकत आसंल."

"रोज खातीया मी," शालन खाली बघत म्हणाली.

खरं सांगतो, मलाही ते पटलं नाही. लोह पोटात गेलं की शौचाला काळं होतं. मी तिला डबी दिली. "उद्या सकाळचं आण, तपासायचंय." तपासणी कसली, मला तिचं खोटं पकडायचं होतं. दोघी मिरजेतच नातेवाइकांकडे राहिल्या.

सकाळी डबी उघडली. काळं.

मग रक्त जातंय कुठं? कणभर काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरलं. पातळ कवचाची अंडी, जिकडं बघावं तिकडं. हूकवर्म. हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात.

डॉक्टरांनी स्वतः डोळा लावून पाहिलं. मग शालनला विचारलं, "शेतात अनवाणी असतेस?"

"उसात चप्पल कोन घालतंय?"

"तिथूनच शिरलेत. मातीतनं, पायाच्या कातडीतनं."

तिच्या अवस्थेत चालेल असं जंतांचं औषध दिलं. यीस्टच्या गोळ्या चालूच ठेवल्या. निघताना शालन माझ्या टेबलापाशी थांबली.

"आता तरी पटलं न्हवं?"

मी "हो" म्हणालो, तिच्याकडे न बघता.

पुढच्या खेपेला आठ भरलं, नंतर साडेनऊ. दिवस भरून मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मी गोळी जाळून पाहिली, बाईवर पाळत ठेवली. साधी स्टूल तपासणी मात्र पहिल्या दिवशी कुणीच लिहिली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. त्यानंतर रक्त कमी म्हणून पाठवलेल्या प्रत्येकाला मी सुई टोचायच्या आधी डबी द्यायला लागलो. पेशंट नाक मुरडायचे. मुरडू देत.