तोंडाशी आलेला घास

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी डोशाचं पीठ आंबलं, की त्या वासानं मला परदेशातलं एक जेवण आठवतं. इथिओपियाच्या वर्गमित्राकडे सगळे एकाच ताटात जेवत होते. त्याच्या आईनं, पाहुण्याला मायेनं भरवायच्या त्यांच्या रीतीप्रमाणे, आंबूस पोळीत डाळ गुंडाळून घास माझ्या तोंडाशी आणला. मला तो हात उष्टा वाटला आणि मी चटकन प्रसादाला करतात तसा तळवा पुढे केला. तिनं हसून घास तळव्यावर ठेवला. संध्याकाळी मी फोनवर आईला हे सांगितलं. "काहून गा? माय भरवून राहिली होती ना तुले? मग?" आईनं विचारलं. "मग तिनं मले वेगळं ताट आणून देलं." आईनं फोन ठेवून दिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.