धरणावरची जांभळाची झाडं

लोणावळ्याच्या अलीकडे ओढ्याचा पूर अडवणारं एक जुनं मातीचं धरण आहे. त्याच्या उतारावर तीस वर्षांपूर्वी जांभळाची झाडं लावली, तेव्हा कुणाच्या मनात पाप नव्हतं. वृक्षारोपणाची लाट होती. साहेब लोक फोटोपुरतं फावडं धरून गेले आणि पाणी घालायचं काम धरणावर रोजंदारीला असलेल्या अंबूबाईंच्या गळ्यात पडलं. चार उन्हाळे त्यांनी डोक्यावरून हंडे वाहिले. झाडं फोफावली, गावाने सत्कार केला आणि बाई पुढे कितीतरी वर्षं ताठ मानेने मिरवल्या. का मिरवू नये?

यंदा दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअर कौमुदीने मात्र स्पष्टच सांगितलं, "मावशी, झाडं काढावी लागतील. मुळांच्या कडेने पाणी आत वाट करतंय. अशानं एखाद्या पावसात धरण फुटेल."

खाली पेठ होती आणि पेठेत अंबूबाईंची लेक सविता पोरांसह राहत होती. दोन दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी तोडणारे आले, तर शेजारचे रखमाजी दहाबारा जणांना घेऊन बुंध्यांना पाठ लावून बसलेले. "अंबूबाईची झाडं हायेत. हात लावून तर दावा!"

अंबूबाईंना भरून आलं, आणि रागही आला. त्यांनी मजुराच्या हातातली कुऱ्हाड ओढून घेतली. "माजी हायेत ना, भाऊ? मग मीच तोडते. उठा."

पहिला घाव घालताना त्या सगळ्यांसमोर हमसून रडल्या, पण हात थांबला नाही. रखमाजी उठले.

पंधरा दिवसांत सदतीस झाडं मुळांसकट निघाली. खड्ड्यांत नवी माती थराथराने ठोकून बसवली. पावसाला महिना उरला होता. कौमुदी म्हणाली, "झालं, मावशी."

"न्हाई झालं." अंबूबाईंनी एकदा बाजूला उभ्या असलेल्या रखमाजींकडे पाहिलं. "एक्केचाळीस लावली व्हती. चार मोठी होऊन वाळली. मी गुपचूप तोडून वर माती वढली आन् सगळी जगली म्हणून गावाला सांगत आले. त्यांची मुळं आतच हायेत."

कौमुदीचा चेहरा उतरला. कुजलेलं मूळ मागे पोकळी ठेवतं, आणि वर तर नुसतं गवत होतं. "जागा सापडतील?"

अंबूबाई तडक उतारावर गेल्या. "हितं खणा."

हातभर खणल्यावर कुजलेल्या मुळाच्या जागी बीळ लागलं. कौमुदीने कोपरापर्यंत हात घातला, तो ओलाचिंब बाहेर आला. अंबूबाईंनी पदर खोचला, पहार उचलली आणि पुढच्या जागेकडे निघाल्या.